वीस लाखांत साठ लाखांची गाडी

जुनी स्पोर्ट्‌स कार घ्यायला निघालेला माणूस भेटला की मी त्याला आधी एवढंच विचारते, ही गाडी नवी असताना केवढ्याला होती? बहुतेकांना हा प्रश्न गाडीच्या कौतुकाचा वाटतो. साठ लाखांना होती, आता अठरात मिळतेय, असं ते खुशीत सांगतात. मला मात्र त्यात अठरापेक्षा साठ हा आकडा महत्त्वाचा वाटतो, कारण पुढची सगळी वर्षं खिशातून पैसे जाणार ते त्या साठच्या हिशेबाने. गाडीची किंमत उतरते. तिच्या हेडलाइटची, कंडेन्सरची, टायरची किंमत उतरत नाही, वाढतच जाते.

मी पुण्यात मोटार विम्याची सर्व्हेअर आहे. अपघाताचा क्लेम आला की वर्कशॉपमध्ये जाऊन गाडी उघडून बघायची, त्यांनी दिलेलं एस्टिमेट ओळीने तपासायचं, कुठला पार्ट बदलावा लागेल, कुठला डेंटिंगमध्ये निघेल, कुठला आधीच फुटलेला होता हे ठरवायचं, असं हे काम. गाड्यांचं वेड त्याच्याही आधीचं. त्यामुळे ओळखीत कुणी जुनी गाडी बघायला निघालं की मला बरोबर नेतात. यंदा भाचा निघाला. हिंजवडीत नोकरी, कर्ज काढायचं नाही हे पक्कं. म्हणाला, ‘‘मावशी, वीस लाख. त्याच्यावर एक रुपयाही नाही.’’ एवढ्या पैशांत सात जण बसतील अशी नवी कोरी गाडी दारात येते, हे त्याच्या आईने मला फोन करून ऐकवलं. मराठी घरात हा सल्ला न मागता मिळतोच.

मी भाच्याच्या बाजूची आहे. ताम्हिणी घाटात सकाळी लवकर, रस्ता कोरडा असताना, तिसऱ्या गिअरमध्ये एका वळणातून दुसऱ्या वळणात गाडी कशी उतरते हे ज्याने स्वतः स्टिअरिंग धरून अनुभवलंय, त्याला ही हौस समजावून सांगावी लागत नाही. यात वेगाचा संबंध फार थोडा. एक्स्प्रेस-वेवर ताशी १०० ची मर्यादा आहे, कॅमेरे आहेत, आणि ती मर्यादा पाळलीच पाहिजे. न पाळलेल्यांचे फोटो माझ्या फायलींत आहेत. चांगली स्पोर्ट्‌स कार ताशी पन्नासलाही आनंद देते, कारण रस्ता कसा आहे ते हाताला कळतं, ब्रेकवर पाय ठेवला की नाक किती खाली येणार ते आधीच उमगतं. माणूस कष्टाच्या पैशातून सतार घेतो, कॅमेरा घेतो, तशी गाडीही घेऊ शकतो. त्याला उधळपट्टी म्हणायचं कारण नाही.

अडचण अशी की आपल्याकडे या हौसेला परवडेल अशी नवी गाडी फारशी कधी मिळालीच नाही. माझदाची एमएक्स-५ ही जगात सर्वांत जास्त खपलेली दोन आसनी उघडी स्पोर्ट्‌स कार, पण भारतात ती अधिकृतपणे विकायला आलीच नाही. नव्वदीच्या अखेरीस गोव्यात सॅन स्टॉर्म नावाची उघडी दोन आसनी गाडी बनायची. फायबरची बॉडी, रेनोचं १.२ लिटरचं इंजिन. तिची संख्या फार वाढली नाही. तेव्हा ठरलेल्या पैशांत दोनच वाटा उरतात. एक तर दहा-पंधरा वर्षांची जर्मन दोन आसनी गाडी, नाहीतर साध्या गाडीच्या अंगात जोरदार इंजिन घालून बनवलेली हॅचबॅक किंवा सेडान. या दुसऱ्या वाटेवरच्या बऱ्याचशा गाड्या आपल्याच महाराष्ट्रात बनल्या: पोलो जीटी चाकणला, अबार्थ पुंटो रांजणगावला, आणि ऑक्टाव्हिया छत्रपती संभाजीनगरजवळ शेंद्र्याला.

भाच्याच्या यादीत शेवटी तीन गाड्या उरल्या. २०१० ची बीएमडब्ल्यू झेड-४, मागणी साडेअठरा लाख. २०१८ ची ऑक्टाव्हिया आरएस २३०, मागणी एकोणीस. आणि २०१६ ची अबार्थ पुंटो, मागणी पावणेसात. अबार्थ त्याने माझ्या आग्रहाखातर यादीत ठेवली होती. मन झेड-४ वर होतं.

मनात भरावी अशीच ती गाडी आहे. लांब बॉनेट, त्याच्यामागे जवळजवळ मागच्या चाकांवर बसलेली दोन माणसं, वीस सेकंदांत दुमडून डिकीत जाणारं धातूचं छप्पर. ३५आय मॉडेलमध्ये तीन लिटरचं, ओळीत सहा सिलिंडरचं, दोन टर्बोचं इंजिन, ३०६ अश्वशक्ती. नवी असताना साठ लाखांच्या घरात. आता हिशेब बघा. मागचे टायर पुढच्यांपेक्षा रुंद, त्यामुळे पुढचे-मागचे अदलाबदल करता येत नाहीत. रन-फ्लॅट टायर, म्हणून स्टेपनी नाही. त्या इंजिनाचा पाण्याचा पंप विजेवर चालतो आणि वयाबरोबर जातो. हाय-प्रेशर फ्युएल पंप आणि इंजेक्टर या दोन गोष्टींसाठी हे इंजिन जगभर ओळखलं जातं. छपराची यंत्रणा हायड्रॉलिक, तिच्या वायरी आणि सेन्सर दर उघड-मिटीला वाकतात. यातलं काहीही गाडी वाईट असल्याचं लक्षण नाही. पंधरा वर्षांच्या साठ लाखांच्या गाडीचं हे सरळ वय आहे. आणि भारतातली नोंदणीची पंधरा वर्षं संपत आली की आरटीओत पुन्हा तपासणी, पुन्हा नोंदणी, वर पर्यावरण कर.

आता विम्याची बाजू, जी गाडी बघायला गेलेला कुणी विचारत नाही. गाडी दहा वर्षांपेक्षा जुनी झाली की क्लेममध्ये धातूच्या पार्टवर ५० टक्के घसारा कापतात. प्लास्टिक आणि रबर तर नवीन गाडीलाही ५० टक्के. हेडलाइट प्लास्टिक, बंपर प्लास्टिक, ग्रिल प्लास्टिक. या वयाच्या गाडीला झिरो डेप, म्हणजे घसारा न कापणारं कवच, सहसा मिळत नाही. म्हणजे सिग्नलला मागून कुणी ठोकलं आणि आपण पुढच्यावर गेलो, तर साठ लाखांच्या गाडीचे पार्ट लागणार आणि त्यातले निम्मे पैसे आपले. त्यापुढचा नियम अजून कडक. दुरुस्तीचा खर्च गाडीच्या आयडीव्हीच्या, म्हणजे विम्यात धरलेल्या किमतीच्या, ७५ टक्क्यांवर गेला की ती गाडी टोटल लॉस. आयडीव्ही पंधरा लाख असेल तर रेषा सव्वाअकरा लाखांवर येते. समोरून बसलेला मार, उघडलेल्या एअरबॅग, बदलायचे बेल्ट, दोन हेडलाइट, रेडिएटर, कंडेन्सर, बॉनेट, फेंडर, आणि सगळ्याच्या मागे मजुरी: अशा गाडीचं एस्टिमेट ती रेषा चटकन ओलांडतं. तेवढाच मार बसलेली साधी सेडान तीन आठवड्यांत दुरुस्त होऊन रस्त्यावर येते.

म्हणून झेड-४ बघायला मी गेले तेव्हा इंजिनाआधी सीटबेल्ट बघितला. मुंबईच्या पश्चिम उपनगरातला डीलर, गाडी पांढरी, आत लाल लेदर, मीटरवर ३८ हजार. डीलरने बॉनेट उघडून ठेवलं होतं, इंजिन पुसून चकाचक. ड्रायव्हरच्या बाजूचा बेल्ट मी शेवटपर्यंत बाहेर ओढला. एक तर पुरात बुडालेली गाडी असेल तर चिखलाची रेघ तिथेच राहते, बाकी सगळं धुता येतं. दुसरं म्हणजे बेल्टच्या तळाशी शिवलेल्या लेबलवर तो कधी बनला ते छापलेलं असतं. गाडी २०१० ची. शेजारच्या सीटचा बेल्ट २०१० चा. ड्रायव्हरच्या बेल्टवर २०१७.

अपघातात एअरबॅग उघडते तेव्हा बेल्ट आवळून धरणारी यंत्रणाही उडते आणि तो बेल्ट पुन्हा वापरता येत नाही. गाडीत एकटा ड्रायव्हर असेल तर बहुधा त्याचाच बेल्ट बदलावा लागतो. मग मी बॉनेटच्या बिजागरीचे बोल्ट बघितले; कारखान्यातून येताना बोल्टसकट रंग असतो, इथे बोल्टच्या कडांवरचा रंग पान्याने उडालेला. इग्निशन चालू केलं, एअरबॅगचा दिवा लागला आणि विझला. तो लागलाच नसता तर मी तिथूनच निघाले असते, कारण नवी एअरबॅग न बसवता दिव्याची जोडणीच काढून टाकणारे लोक आहेत. इथे काम कदाचित नीट झालेलं असेल. पण गाडी एकदा समोरून जबर आदळली होती एवढं नक्की. ही टोटल लॉस झाली होती का, असं मी डीलरला विचारलं. तो म्हणाला, ‘‘मॅडम, आमच्याकडे आली तेव्हा अशीच होती.’’ तो खोटं बोलत होता असं मी म्हणणार नाही. त्यालाही कळायला मार्ग नव्हता, आणि आम्हालाही नाही.

माझं खरं म्हणणं इथे आहे. टोटल लॉस झालेली गाडी भंगारातच जाते असं लोकांना वाटतं. तसं नाही. विमा कंपनी पैसे देते, उरलेली गाडी सॅल्व्हेज म्हणून लिलावात जाते, आणि पुष्कळदा आरसीसकट जाते. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५५ प्रमाणे गाडी कायमची निकामी झाली तर मालकाने नोंदणी अधिकाऱ्याला कळवायचं असतं. पण टोटल लॉस हा पैशांचा हिशेब आहे, गाडी निकामी झाल्याचा दाखला नव्हे. दुरुस्त होऊ शकते, म्हणून नोंदणी चालू राहते. घेणारा ती स्वस्तात उभी करतो: इकडून-तिकडून जुने पार्ट, वेल्डिंग, रंग. तिचे सगळे कागद खरे असतात. मोबाइलवर एम-परिवहन उघडलं तर नोंदणीची तारीख, मालकाचा क्रमांक, विमा, पीयूसी, सगळं बरोबर दिसतं. ती एकदा टोटल लॉस झाली होती आणि आजवर किती किलोमीटर चालली, या दोन गोष्टी दिसत नाहीत. आणि महागड्या जुन्या स्पोर्ट्‌स कारच्या बाबतीत हे जास्त घडतं, कारण वर सांगितल्याप्रमाणे तिची आयडीव्ही खाली आणि पार्ट वर, म्हणून ती टोटल लॉस लवकर होते. ठरलेल्या पैशांत मोठी गाडी बसवू पाहणाऱ्या माणसासमोर नेमकी हीच गाडी येऊन उभी राहते, कारण तीच बाजारभावापेक्षा दोन लाखांनी स्वस्त असते.

ब्रिटनमध्ये गाडीचा नंबर टाकला की तिच्या वार्षिक एमओटी तपासण्यांचा इतिहास सरकारी संकेतस्थळावर फुकट दिसतो, दर तपासणीच्या वेळच्या मीटरच्या आकड्यासह. विमा कंपनीने सोडून दिलेल्या गाडीला तिथे वर्ग मिळतो: ए आणि बी वर्गातली गाडी रस्त्यावर परत येऊच शकत नाही, एस म्हणजे सांगाड्याला मार बसलेली, एन म्हणजे सांगाडा शाबूत. एस वर्गातली गाडी लोक बिनदिक्कत घेतात, कमी भावात, माहीत असून घेतात. अमेरिकेतल्या राज्यांत अशा गाडीच्या मालकीच्या कागदावरच सॅल्व्हेजचा शिक्का बसतो. आपल्याकडे हे करायला नवीन यंत्रणा उभारावी लागणार नाही. विमा कंपन्यांच्या क्लेमची माहिती इन्शुरन्स इन्फर्मेशन ब्युरोकडे जमा होतेच. ‘वाहन’ या सरकारी डेटाबेसमधली गाड्यांची नोंद केंद्रीय आहेच. टोटल लॉसचा क्लेम दिल्याची तारीख त्या नोंदीत एका ओळीत यावी, आणि पीयूसीला गाडी उभी राहते तेव्हा मीटरचा आकडाही त्याच नोंदीत जावा. मालकाचं नाव नको, क्लेमची रक्कम नको, फक्त या दोन गोष्टी. दुरुस्त गाडी विकायला माझी हरकत नाही. घेणाऱ्याला माहीत असलं पाहिजे, एवढंच. हे परिवहन खात्याने आणि विमा नियामकाने करायलाच हवं, आणि सॅल्व्हेजच्या कागदांवर रोज सह्या करणाऱ्या आम्ही सर्व्हेअरांनी ते मोठ्याने मागायला हवं.

ऑक्टाव्हियाबद्दल फार लिहायला नको, कारण ती उत्तम गाडी आहे. दोन लिटरचं टर्बो, २३० अश्वशक्ती, मागे ५९० लिटरची डिकी, बहिणीला अर्थात हीच पसंत पडली. २०१७ मध्ये आली तेव्हा पंचवीस लाखांच्या आसपास होती, म्हणजे पार्टही पंचवीस लाखांच्या गाडीचे, आणि त्यातले बरेचसे साध्या ऑक्टाव्हियाला लागतात तेच. सहा गिअरच्या डीएसजीचं तेल ६० हजार किलोमीटरला बदललं की तो गिअरबॉक्स त्रास देत नाही. दोन गोष्टी मात्र बघाव्या लागतात. एक, इंजिनाचा रीमॅप करून ताकद वाढवलेली आहे का. असल्यास विमा कंपनीला कळवलेलं आहे का, कारण न कळवलेला बदल क्लेमच्या वेळी आडवा येतो. दोन, एकोणीस लाख दिल्यावर हातात काय उरतं. आम्ही बघितलेल्या गाडीचे चारही टायर संपलेले होते.

माझा एक ठोकताळा आहे. गाडी नवी असताना ज्या किमतीची होती तिचा दहावा हिस्सा बाजूला काढायचा, पहिल्या वर्षासाठी, आणि तो बजेटमधूनच काढायचा. झेड-४ साठी सहा लाख, म्हणजे वीसमध्ये ती चौदालाच घ्यायची. चौदाला चांगली मिळत नसेल तर ती या बजेटची गाडी नाही. थांबावं, आणखी साठवावं, आणि मग त्या मॉडेलमधली सर्वांत जपलेली घ्यावी. ऑक्टाव्हियासाठी अडीच, म्हणजे साडेसतरा. आरएसचे मालक तेवढं खाली यायला तयार होत नाहीत. अबार्थसाठी एक लाख.

अबार्थ साताऱ्यात होती, पहिलाच मालक, पेशाने डॉक्टर. त्यांनी गाडीच्या आधी फाइल समोर ठेवली. प्रत्येक सर्व्हिसचं बिल, तारखेने लावलेलं. टायमिंग बेल्ट बदलल्याचं बिल, त्यावर किलोमीटर. टायरच्या कडेवर चार आकडे असतात, पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. चारही टायर एकाच आठवड्यातले. डॉक्टरांना मी येण्याआधी गाडी चालू करू नका असं सांगितलं होतं, बॉनेटला हात लावला तर ते गार होतं. टर्बो इंजिन गार असताना कसं उठतं ते ऐकणं हा निम्मा तपास.

ती दिसायला साधी पुंटोच आहे, चार दारांची, आणि ती पार्किंगमध्ये बघून भाच्याचा चेहरा उतरला. मग तो यवतेश्वराच्या घाटात ती घेऊन गेला, मी शेजारी. १.४ लिटरचं टी-जेट इंजिन, १४५ अश्वशक्ती, चारही चाकांना डिस्क. खालच्या आरपीएमला मंद, अडीच हजारांच्या वर एकदम उसळणारी. हायड्रॉलिक स्टिअरिंग जड आहे, आणि त्या जडपणातूनच रस्ता हाताला कळतो. कास फाट्याला पोचेपर्यंत भाचा बोलायचा थांबला होता. परतल्यावर त्याने डॉक्टरांना विचारलं, तुम्ही ही का विकताय? गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, क्लच दाबवत नाही, म्हणाले.

तिच्या उणिवा खऱ्या आहेत. फियाटने भारतात आपल्या नावाने गाड्या विकणं कधीच थांबवलं. बॉडीचे पार्ट साध्या पुंटोचे असल्याने मिळतात, पण शोधावे लागतात, आणि दर वर्षी थोडे जास्त शोधावे लागतील. भाच्याने गाडी सहा लाख चाळीस हजारांना घेतली आणि उरलेल्यातून हेडलाइटची जोडी, क्लच किट, सस्पेन्शनचे बुश असे पार्ट आत्ताच घेऊन ठेवायला सुरुवात केलीय. थोडे पैसे कोइमतूरच्या करी मोटर स्पीडवेवर गाडी ट्रॅकवर चालवायला राखून ठेवलेत, कारण जोरात चालवायची जागा तीच. उरलेले बँकेत आहेत, आणि झेड-४ चं वेड काही गेलेलं नाही. जाऊही नये.

सरकारी नोंदीत टोटल लॉस दिसू लागेपर्यंत घेणाऱ्याच्या हातात एक कागद आहे, तो कुणी मागत नाही. टोकन देण्याआधी विकणाऱ्याकडून विम्याच्या मागच्या सगळ्या पॉलिस्या मागा आणि त्यातली नो क्लेम बोनसची ओळ वर्षावर्षाने वाचा. बोनस २० टक्क्यांपासून चढतो, २५, ३५, ४५, आणि पाच बिनक्लेमच्या वर्षांनंतर ५०. मध्येच तो शून्यावर आलेला असेल तर त्याच्या आधीच्या वर्षी बहुधा क्लेम झालाय. कसला, ते विचारा आणि त्याचं बिल मागा. हा बोनस गाडीचा नसतो, मालकाचा असतो, जुन्या गाडीवरून नवीवर नेता येतो, म्हणून फक्त शेवटची पॉलिसी बघून भागत नाही. याच मालकाच्या, याच गाडीच्या, ओळीने सगळ्या हव्यात. नाहीत असं उत्तर आलं तर मागणीतून काही कमी करून घेण्यापेक्षा दुसरी गाडी बघावी.